पऱ्हाटीवर लाल्या आला, सर्च मारलं तर बियाण्याची जाहिरात! हे सर्च नेमकं चालतं तरी कसं?

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यातला कास्तकार आहे, बारा एकर कोरडवाहू. इथे एरवी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात वावरात गेलो तर नाल्याकाठच्या तासांत पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, पानं लाल पडलेली. यालाच आमच्याकडे लाल्या म्हणतात. बांधावर बसलो, मोबाईल काढला आणि 'पऱ्हाटी लाल्या उपाय' असं टाकलं. वर दोन जाहिराती, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित'. त्याखाली पाच-सहा पानं आली, सगळ्यांची सुरुवात एकच: "शेतकरी मित्रांनो, आजच्या लेखात आपण पाहणार आहोत, चला तर मग जाणून घेऊया." जाणून घ्यायला तीन वेळा खाली सरकावं लागलं. मधे गुडघेदुखीचं तेल, कर्ज आणि रमी. शेवटी चार ओळी, त्याही सगळीकडे शब्द न शब्द त्याच. मामेभाऊ नागपूरला असतो, त्याला फोन करून तेच शब्द टाकायला लावले. त्याला भलतंच काही दिसलं!

दुसरी गोष्ट जास्त लागली. आमच्या शेतकरी गटाने दोन वर्षांपूर्वी संकेतस्थळ बनवून घेतलं. तीन हंगामांच्या लाल्याच्या नोंदी त्यावर आहेत: कोणत्या वावरात, कधी, काय मारलं, काय फरक पडला. गटाचं पूर्ण नाव टाकलं तरी ते दिसत नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.

सर्चमध्ये कोण वर, कोण खाली, हे ठरवतं कोण? पैसे भरावे लागतात का?

---

वऱ्हाडी ठेचा | सोमवार, रात्री ९:४०

भाऊ, तुमी निदान टाइप तं केलं. मी बोलून सर्च करतो. 'पऱ्हाटीवर लाल्या' म्हनलं तं त्यानं आयकलं 'मराठीवर लावल्या'. मंग मले मराठीचे क्लास दाखवून रायला. आता या वयात क्लास लावू का फवारा मारू?

---

हिंगणघाटकरीण | सोमवार, रात्री ११:०५

ठेचा दादा 😂

पऱ्हाटीवाला भाऊ, माहेर हिंगणघाट, पोटापाण्याला पुण्यात, आणि नेमकं याच विषयात काम करते. म्हणून जरा लांबड लावते.

पहिलं म्हणजे, तुम्ही शोध मारता तेव्हा कोणी त्या क्षणी इंटरनेटवर धावत जात नाही. धावाधाव आधीच झालेली असते. क्रॉलर नावाचे प्रोग्राम दिवसरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरतात. रस्ता कोणता? तर पानावरच्या लिंका. एका पानावर दहा लिंका दिसल्या की दहा पत्ते वहीत, मग त्या दहांवर जाऊन पुढचे. ज्या वस्तीला रस्ताच नाही तिथे कोतवाल पोचत नाही. तुमच्या गटाच्या संकेतस्थळाची लिंक कोणी कुठे दिली आहे का? माझा पहिला संशय तिथेच.

आणलेल्या पानांचं पुढे काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही तलाठ्याकडे जाता. सातबारा काय सांगतो? हा गट नंबर, यात हे-हे खातेदार. आठ-अ काय सांगतो? हा खातेदार, त्याची जमीन या-या गटांत. माहिती तीच, फिरवून मांडलेली. क्रॉलरने आणलेलं पान सातबाऱ्यासारखं असतं: हे पान, यात हे-हे शब्द. सर्च इंजिन त्याचा आठ-अ तयार करून ठेवतं: 'लाल्या' हा शब्द, तो या-या पानांवर, अमुक जागी. 'पऱ्हाटी'चा वेगळा आठ-अ. तुम्ही दोन शब्द टाकले की दोन्ही याद्या समोरासमोर धरायच्या आणि दोन्हीत असलेली पानं उचलायची. गुगल स्वतःच्या अनुक्रमणिकेत शेकडो अब्ज पानं असल्याचं सांगतं. तरी निमिषात उत्तर येतं ते या उलट्या यादीमुळे.

कोण वर हा प्रश्न त्यानंतरचा. उद्या लिहिते, लेक झोपू देत नाहीये.

---

जुना ग्रंथपाल | मंगळवार, सकाळी ७:२०

ताई, आठ-अचा दाखला बेहद्द आवडला. अमरावतीकडच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं काढली, म्हणून थोडं जोडतो.

भजनी मंडळातला गडी गाथेत अभंग शोधतो तो मागच्या अकारविल्हे सूचीतून. पण त्यासाठी पहिला चरण आठवावा लागतो. मधलाच शब्द आठवत असेल तर सूची कुचकामी. त्यासाठी प्रत्येक शब्द कुठे-कुठे आला याची शब्दसूची लागते, आणि ती हाताने करणारा माणूस आयुष्य घालवतो. यंत्राने तेच केलं.

सुरुवातीला इंटरनेटवरही आमच्यासारखीच माणसं होती बरं का! १९९४ मध्ये याहू सुरू झालं ते मुळात निर्देशिका म्हणून. माणसं संकेतस्थळं पाहून विषयवार कप्प्यांत लावत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं लावायची पद्धत दिली, तीही याच चिंतेतून, की एक पुस्तक एकाच कप्प्यात बसत नाही. 'लाल्या' कुठे ठेवाल? कापसात, रोगात, की अन्नद्रव्यांत? फळीवर पुस्तक एकाच जागी राहतं, शब्दांच्या यादीत ते शंभर जागी राहू शकतं. वर्गीकरण हरलं ते इथे, असं मी म्हणेन. वाईट वाटतं, पण खरं आहे.

---

वऱ्हाडी ठेचा | मंगळवार, सकाळी ८:०१

काका, आमच्या घरी बायको डबे लावते थे कोनतं वर्गीकरण व्हय? साखरेच्या डब्यात तिखट निंगते.

---

हिंगणघाटकरीण | मंगळवार, रात्री १०:३०

हं, तर कोण वर.

आधी शब्दांचं वजन. 'पऱ्हाटीवर लाल्या आला काय करावे' यातले 'काय' आणि 'करावे' लाखो पानांवर आहेत, त्यांच्यावरून काही ठरत नाही. 'लाल्या' मोजक्या पानांवर आहे, म्हणून त्याचं वजन जास्त. जितका दुर्मीळ शब्द तितका तो कामाचा. हे सूत्र कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी १९७२ मध्ये मांडलं, वेबच्या कितीतरी आधी, आणि त्याची पिल्लं अजून वापरात आहेत.

पण नुसत्या शब्दांवर गेलं तर 'लाल्या लाल्या लाल्या' असं दोनशे वेळा लिहिणारा पहिला येईल. नव्वदच्या दशकात हे खरंच चालायचं. लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शब्द भरून ठेवत. माणसाला दिसायचं नाही, यंत्राला दिसायचं.

मग लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी जे केलं ते आपल्याकडे सोयरीक जमवताना करतात तेच. पोरगा स्वतःबद्दल काय सांगतो ते सोडा, त्याच्याबद्दल बाकीचे काय सांगतात ते पाहा. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे शब्द टाकला. पण प्रत्येकाच्या शब्दाची किंमत सारखी नसते. ज्याच्याबद्दल वजनदार लोक चांगलं बोलतात त्याच्या शब्दाला वजन, आणि जो उठसूट शंभर पोरांची शिफारस करतो त्याचं वजन शंभरांत वाटलं जातं. पण वजनदार कोण हेच आधी माहीत नाही, मग? सगळ्यांना सारखं वजन देऊन सुरू करायचं आणि हिशेब पुन्हा पुन्हा फिरवायचा. काही फेऱ्यांनी आकडे स्थिरावतात. हे पेजरँक. यातलं 'पेज' म्हणजे लॅरी पेज. १९९८ च्या त्यांच्या निबंधात ज्या गुगलचं वर्णन आहे, त्याच्याकडे तेव्हा जेमतेम २ कोटी ४० लाख पानं होती.

त्याच निबंधाच्या परिशिष्टात त्यांनी असंही लिहून ठेवलं होतं, की जाहिरातीच्या पैशावर चालणारं सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल. पुढे तो धंदा कशावर उभा राहिला ते तुम्ही बांधावर बसून पाहिलंच.

पैशांचं उत्तर: 'प्रायोजित' लिहिलेल्या जागा विकत मिळतात. त्याखालचे क्रमांक विकत मिळत नाहीत.

---

मोर्शीची संत्री | मंगळवार, रात्री ११:१५

विकत मिळत नाहीत हे ऐकायला बरं आहे ताई, पण आम्हाला दर आठवड्याला एक तरी फोन येतो, "सर, तुमची साइट पहिल्या पानावर आणून देतो, महिन्याला इतके."

---

हिंगणघाटकरीण | मंगळवार, रात्री ११:३२

तो भाडोत्री साक्षीदार विकतो. शे-दोनशे बोगस संकेतस्थळं काढायची आणि सगळ्यांवरून तुमच्याकडे लिंका सोडायच्या. कोर्टाबाहेर पिंपळाखाली बसतात तसे. गुगलने २०११ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत 'पांडा' नावाचा बदल आणला तो पाणचट मजकुराविरुद्ध, २०१२ मध्ये 'पेंग्विन' आणला तो असल्या लिंकांविरुद्ध. सापडलात तर लिंकांची किंमत शून्य, वर संकेतस्थळ खाली जाण्याची भीती. पैसे देऊ नका.

गुगल सोवळं आहे असं मात्र म्हणत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला होता, निकालांच्या पानावर स्वतःच्याच सेवांना झुकतं माप दिलं म्हणून.

मामेभावाचं राहिलंच. तो नागपूरला, तुम्ही आर्णीकडे. बहुधा त्याच्या फोनची भाषा इंग्रजी, तुमच्या मराठी. ठिकाण आणि भाषा या दोन गोष्टींनीच निकाल बदलतो.

---

निवृत्त कृषी | बुधवार, सकाळी ६:१०

सर्चचं चालू द्या, पण भाऊ, पानं कशी लाल झाली ते आधी सांगा. कडा आधी पिवळ्या, मग लाल, पानं खाली वाटीसारखी वळलेली असतील तर पान उलटं करून तुडतुडे पाहा. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल, बोंडं भरायच्या वेळेला खालच्या पानांपासून सुरू झालं असेल, तर मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता. वरून रात्री एकदम गार पडल्या की लाली वाढते. नाल्याकाठी म्हणता, तर पाणीही साचलं असेल, मुळं गुदमरली असतील. एकाच 'लाल्या'ची ही तीन-चार कारणं, आणि तुडतुड्यांच्या औषधाने मॅग्नेशियम वाढत नाही.

सर्चला तुमचं वावर दिसत नाही. त्याला फक्त 'लाल्या' हा शब्द दिसतो. मॅग्नेशियम सल्फेटची मात्रा इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण इथलं उचलून उद्या कोणी 'चला तर मग' करेल आणि एखादं शून्य जास्त टाकेल. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं पान पाहा, नाहीतर किसान कॉल सेंटरला विचारा, १८००-१८०-१५५१, फुकट आहे.

---

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता) | बुधवार, दुपारी १:४५

साहेब, शिरा हिरव्या आहेत. तुडतुडे दिसले नाहीत. पाणी मात्र साचलं होतं, पोळ्याच्या आसपास आठ दिवस. चर काढतो.

---

मोर्शीची संत्री | बुधवार, दुपारी २:२०

नंबरावरून आठवलं. मृग बहाराच्या फळगळीच्या वेळी आमच्या बाबांनी एका औषधाच्या कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर सर्चमध्ये शोधला. पहिला दिसला तो लावला. समोरचा इतका गोड बोलला, "काका, परतावा देतो, फक्त एक ॲप घ्या." अकरा हजार गेले. नंतर कळलं की नंबर कंपनीचा नव्हताच. कोणीतरी नकाशावर त्या नावाने ठिकाण टाकून आपला नंबर चिकटवला होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, पण दोन दिवस उशिरा. वर दिसतं ते खरं, असं बाबांना वाटलं. आता नंबर डब्यावरूनच वाचतात, चष्मा लावून.

---

वऱ्हाडी ठेचा | बुधवार, दुपारी ३:०२

लय वाईट झालं भाऊ. गावात नवा मानूस आला तं आपन इचारतो, कोनाचा पावना? फोनमंदी कोनी इचारत नाई.

---

हिंगणघाटकरीण | बुधवार, रात्री १०:५०

ठेचा दादा, तुमचा फोन 'पऱ्हाटी' ऐकत नाही, त्याचं कारण सांगते. वऱ्हाडी बोलीतलं लिखाण वेबवर फार थोडं. जे ऐकलंच नाही ते त्याला ओळखू येत नाही, मग जवळचा शब्द चिकटवतं.

टाइप केलं तरी भानगड आहेच, आणि ती नेमकी आपल्याच नावात! हे दोन शब्द पाहा: वऱ्हाड आणि वर्‍हाड. डोळ्याला एकच, यंत्राला दोन. पहिल्यात खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याला स्वतंत्र जागा आहे. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. एक कीबोर्ड असं लिहितो, दुसरा तसं. तिसरा माणूस सरळ 'वर्हाड' लिहून मोकळा. पऱ्हाटी, तऱ्हा, गुऱ्हाळ, सगळ्यांचं तेच. मोठी सर्च इंजिनं यातलं बरंच सांभाळून घेतात, पण छोट्या संकेतस्थळांच्या आतल्या शोधपेटीत एक टाका, दुसरं सापडत नाही.

त्यात आपली विभक्ती. 'कापूस' शोधलं तर 'कापसावर' लिहिलेलं पान सापडायला हवं, 'विहीर' शोधलं तर 'विहिरीत'. नुसतं शेपूट छाटून चालत नाही, आतला स्वरही बदलतो. शिवाय कास्तकार म्हणतो पऱ्हाटी, पुस्तक म्हणतं कापूस, दुकानदार म्हणतो कॉटन. हे एकच आहे हे यंत्राला कोणीतरी लिहिलेल्या मजकुरातूनच शिकावं लागतं. म्हणून भाऊ, तुमच्या पानावर तिन्ही शब्द असू द्या.

---

जुना ग्रंथपाल | गुरुवार, सकाळी ७:०५

यात जुन्या फॉन्टचं पाप मिळवा. युनिकोड रुळण्याआधी आपण सगळं कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलं. कृतिदेवमध्ये तुम्हाला 'भारत' दिसतं, पण फाइलीत असतात इंग्रजी अक्षरं: एच, के, के, जे, आर. वरून फक्त मराठी अंगरखा. सर्चला तो अंगरखा दिसत नाही. आमच्या वाचनालयाची पंधरा वर्षांची वार्षिक प्रतिवृत्तं अशा पीडीएफमध्ये आहेत. इंटरनेटवर ती आहेत, आणि 'वाचनालय' शोधलं तर त्यातलं एकही येत नाही.

---

हिंगणघाटकरीण | गुरुवार, रात्री ९:१५

भाऊ, व्यक्तिगत निरोपात तुम्ही पत्ता पाठवलात, पाहिलं. संशय होता लिंकांचा, निघालं दुसरंच. म्हणजे लिंका नाहीत हे खरंच, पण त्याआधी दारालाच कुलूप आहे.

प्रत्येक संकेतस्थळाच्या मुळाशी रोबोट्स नावाची एक साधी मजकूर-फाइल ठेवता येते. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर या गृहस्थांनी ही पद्धत सुचवली. क्रॉलर आधी ती वाचतो आणि त्यात लिहिलेलं पाळतो. तुमच्या फाइलीत दोन ओळी आहेत. पहिली 'युजर-एजंट', पुढे चांदणी, म्हणजे येणारा कोणीही असो. दुसरी 'डिसअलाऊ', पुढे नुसती एक तिरपी रेघ, म्हणजे आत कुठेही यायचं नाही. काम चालू असताना ही ओळ टाकतात, अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून. ज्याने बनवलं तो काढायला विसरला. पाटी तशीच राहिली: 'काम सुरू आहे, रस्ता बंद'. दोन वर्षं क्रॉलर फाटकापर्यंत येऊन परत गेला असेल, आला असेल तर.

दुसरं, तुमच्या लाल्याच्या नोंदी वहीच्या पानांचे फोटो आहेत. फोटोतली हाताची मराठी अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, टाइप करावी लागतील. ती तिरपी रेघ खोडा, गुगलच्या सर्च कन्सोल या संकेतस्थळवाल्यांसाठीच्या सोयीत नोंदणी करून पानांची यादी द्या, आणि कोणा ओळखीच्या संस्थेला लिंक द्यायला सांगा.

---

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ९:५८

एका तिरप्या रेघेपायी दोन वर्षं! ज्या पोराने बनवलं त्याला फोन केला, तो म्हणे "ओ हो." इतकंच.

ताई, तुमचे उपकार. नोंदी टाइप करायला पुतणीला बसवतो, तिची दहावी संपली की. नाही, आत्ताच बसवतो.

---

निवृत्त कृषी | शुक्रवार, सकाळी ६:३०

टाइप करताना तारखा आणि जमिनीचा प्रकार नक्की टाका. आणि एक खंत लिहितो. लाल्यावरची सगळ्यात चांगली चर्चा मी वाचली ती एका व्हॉट्सॲप गटात. फोटो, माती परीक्षणाचे आकडे, सगळं होतं. क्रॉलर तिथे जाऊ शकत नाही. फोन बदलला, माझ्याकडूनही गेली.

---

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता) | सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:२०

अपडेट. गटाचं नाव टाकलं की संकेतस्थळ आता पहिलंच येतं. 'पऱ्हाटी लाल्या' टाकलं तर आम्ही बरेच खाली, पण आहोत. 'कापूस लाल्या' वर अजून सापडत नाही. वरच्या दोन जाहिराती जागच्या जागी. चर काढल्यावर नाल्याकाठची नवी पालवी हिरवी आली, पहिला वेचा झाला.

आणखी एक गंमत. त्या 'चला तर मग' वाल्यांपैकी एकाने आमचं पान जसंच्या तसं उचललं. इतकं जसंच्या तसं, की "आमच्या नाल्याकाठच्या वावरात पोळ्याच्या वेळी आठ दिवस पाणी होतं" हे वाक्यही त्याच्या लेखात आहे. आणि तो आमच्या वर दिसतो.

---

वऱ्हाडी ठेचा | रविवार, रात्री ८:३१

मंग त्याले इचारा ना भाऊ, नाला कोनता व्हय म्हनून. अन् चर खोदाले कवा येतो?